रास्त हरकत

सोमवार, १० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे काल उपासनेत तुझ्या लग्नाची सूचना पहिल्यांदा वाचली. पन्नाशी उलटलेल्या विधवा बहिणीच्या लग्नाची सूचना धाकट्या भावानेच पाळक म्हणून व्यासपीठावरून वाचायची, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. या लग्नाला कोणाची रास्त हरकत असेल तर त्याने ती आत्ताच सांगावी, असं विचारून नियमाप्रमाणे थांबलो. एक बाक तेवढा करकरला. तुझ्या नवरदेवाने मागच्याच महिन्यात दुरुस्त केलेला.

सुतारबुवांबद्दल मी काय बोलणार? गुणी माणूस. गावातल्या सगळ्या शवपेट्या तेच करतात, त्यामुळे बोलताना समोरच्याची उंची डोळ्यांनी मोजत असतात. काल दारात माझ्या खांद्यांकडे बघून म्हणाले, की पाळकसाहेब, बारीक झालात. मेहुणा म्हणून म्हणाले की धंद्याच्या दृष्टीने, ते काही कळलं नाही.

बाकी घरी मजेत आहे. तू मावशीच्या मोडक्या पायासाठी गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो. दूध रोज उतू जातं, घरात तेवढीच काय ती बरकत. मावशीला म्हणावं, पाय सावकाश बरा होऊ दे, घाई नाही.

लोभ होता तसा राहू दे, नव्या घरी त्याला जागा असेल तर.

तुझा,
धाकटा


गुरुवार, १३ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की पाय पुन्हा दुखायला लागला. तेव्हा पाय सावकाश बरा होण्याची तुझी इच्छा पूर्ण होणार. लग्न मात्र २९ तारखेच्या शनिवारीच होईल.

अरे, मी काही सातासमुद्रापार जात नाही. पाळकघरातून निघून कबरस्तान ओलांडून पलीकडच्या घरात जाते आहे. कबरस्तानात तुझं येणं-जाणं असतंच. दुधाखालचा गॅस बारीक करायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. मला काळजी आहे ती मंडळीची. शनिवारी संध्याकाळी मी तुझं प्रवचन ऐकून निम्मं कापते, म्हणून रविवारी लोक जेवणाच्या वेळेला घरी पोचतात. आता त्यांना कोण वाचवणार?

सुतारबुवांना नावं ठेवू नकोस. ते माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकतात. पाळकाच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर याचं अप्रूप वाटतं.

माया आहेच, ती दुधावर लक्ष ठेवण्याच्या अटीवर.

तुझी,
ताई


सोमवार, १७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुसरी सूचना वाचली आणि हरकत आली! ऑर्गनवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं, हे लग्न झालं तर पाळकसाहेब उपाशी मरतील, तर मंडळीने याचा विचार करावा. माझ्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच सगळे बाक एकाच वेळी जागे झाले. प्रवचनभर घोरणाऱ्या खजिनदारांनीसुद्धा अनुमोदन दिलं. पाळकाचं पोट ही रास्त हरकत होत नाही, असा निर्णय मलाच द्यावा लागला.

उपासना संपल्यावर बायकांनी माझ्या जेवणाच्या पाळ्या लावून घेतल्या. आज पहिली पाळी ऑर्गनवाल्या बाईंची होती. त्या वाजवतात तसंच शिजवतात, सावकाश आणि अर्धं कच्चं.

शनिवारी प्रवचन मांजराला वाचून दाखवलं. ते पहिल्याच परिच्छेदाला उठून गेलं. तू निदान चहा तरी करायचीस.

आठवण असू दे, पाळीपाळीने का होईना.

तुझा,
धाकटा


बुधवार, २६ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सोमवारी निघणारं तुझं पत्र आलं नाही, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. आज दोन पत्रं आली. सुतारबुवांनी एवढंच लिहिलंय, की पाळकसाहेबांचा चष्मा सापडेना म्हणून रविवारी तिसरी सूचना राहिली, तेव्हा लग्न आठवडाभर पुढे ढकलावं लागेल. त्यांना रागावू नकोस. चष्मा तुझ्या कपाळावरच होता, हे ऑर्गनवाल्या बाईंनी लिहिलंय.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दर रविवारी खरं बोला म्हणून लोकांच्या कानीकपाळी ओरडतोस आणि स्वतः चष्म्याआड लपतोस? मला राग आलाय, धाकट्या. हे गेले तेव्हा तू मला घरात घेतलंस, ते मी कधी विसरणार नाही. पण त्या उपकारापोटी मी जन्मभर तुझं दूध राखावं असं वाटत असेल, तर तसं उभं राहून सांग. या रविवारी सूचना वाच, नाहीतर हरकत घे.

आशीर्वाद वर लिहिलाच आहे. या वेळी तेवढाच.

ताई


सोमवार, ३१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तिसऱ्यांदा वाचली. पाठच होती, चष्म्याची गरज आधीच्या रविवारीही नव्हती. कोणाची रास्त हरकत असेल तर सांगावी, असं म्हणून थांबलो, तर सगळी मंडळी माझ्याकडेच बघत होती. सुतारबुवासुद्धा. पहिल्यांदाच ते उंची मोजत नव्हते.

मग मी सांगून टाकलं. हरकत आहे, माझीच आहे. मला माझी बहीण जायला नको आहे. पण ती रास्त नाही. तेव्हा लग्न येत्या शनिवारी.

कोणी हसलं नाही. खजिनदारांनी नाक शिंकरलं. काल प्रवचन फार छोटं झालं, तुला आवडलं असतं.

आता एकच अडचण. लग्नविधीत मला विचारावं लागतं, की ही वधू कोण देत आहे. बाबा नाहीत, काका नाहीत. उत्तर द्यायला तुझ्या बाजूचा पुरुष म्हणजे मीच. काय करू ते कळव.

राग ओसरला असेल तर लोभ पूर्वीसारखा चालू करावा.

तुझा,
धाकटा


बुधवार, २ जून

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

मावशीला शेजारणीच्या हवाली करून उद्या निघते. गॅस बंद कर.

या वयाच्या बाईला कोण कोणाला देणार? मी माझी चालले आहे. पण विधीत आहे तर प्रश्न तूच विचार आणि उत्तरही तूच दे. व्यासपीठावरून आजवर तू दुसरं केलंस काय?

शनिवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला प्रवचन घेऊन पलीकडच्या घरी ये. लग्नाचा दिवस असला तरी दुसऱ्या दिवशी रविवार आहे. सुतारबुवांनी तुझ्यासाठी खुर्ची करायला घेतली आहे. म्हणतात, तुझं माप त्यांना केव्हापासून ठाऊक आहे.

तुझी,
ताई