टोपली फाटलेली नव्हती

फेअरबँक्स, ७ मार्च

प्रिय हिल्डा आत्या,

जी गोष्ट मी तीन वर्षं गावोगाव शिकवते आहे, तीच माझ्या बापाने जेवताना सांगितली तेव्हा मला ऐकू का आली नाही?

आधी हे वाच: बाबा बरे आहेत. आता बाकीचं सावकाश.

तिकडे नोमला तू मासळीचा रस्सा करून माझी वाट बघत होतीस आणि मी रूबी गावातूनच परत फिरले. रागावली असशील. गावोगाव आरोग्याचे धडे देत नोमपर्यंत येणारी आमची कुत्र्यांच्या गाड्यांची फेरी मात्र थांबलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी घटसर्पाचं औषध ज्या वाटेनं नेलं, त्याच वाटेनं माझी कुत्री आता फेरीतल्या माझ्या सोबत्याच्या, वॉरनच्या, बर्फगाडीला जुंपून येतायत. सगळ्यांत पुढची तांबडी, ती टाना. तिला थोपटलेलं आवडत नाही, तरी थोपट.

जानेवारीत दिवस वाढू लागले होते, म्हणजे कोड्यांचा मोसम. मूस हरणाचा रस्सा खाता खाता बाबांनी कोडं घातलं, नेहमीच्याच सुरुवातीनं: "थांब, मला काहीतरी दिसतंय. ताज्या बर्फावर लालभडक क्रॅनबेरी सांडल्यात, पण टोपली कुठेच फाटलेली नाही."

"माजावर आलेली कुत्री!" मी म्हणाले.

"नाही."

"मग जखमी कोल्हा."

"फाटलेली नाही म्हटलं ना! पदवीधर बाई, डोकं चालवा."

मी हसले आणि उठले. मला फेरीसाठी तक्ते रंगवायचे होते.

रूबीच्या शाळेत मी त्यातलाच एक तक्ता लावला, आतड्याच्या कॅन्सरचा. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पोरी, कुत्र्यांच्या शीवर तुझी रोज नजर असते. माणसांनी आपलं कधी बघायचं?" सगळे हसले. मीही हसत पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "बाहेर जखम नसते, तरी रक्त पडतं."

आणि आपल्या घरामागची संडासाची पायवाट, तिथला बर्फ, टोपली, सगळं एकदम दिसलं. स्वतःच्या दुखण्याचं नाव घेतलं की ते घरात येऊन बसतं, हे तूच मला लहानपणी शिकवलंस. बाबा दुसरं कसं सांगणार होते?

बाहेर जाऊन फोन लावला. "बाबा, थांबा, मला काहीतरी दिसतंय. क्रॅनबेरी तुमच्याच आहेत."

त्यांनी शेगडीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सात आठवडे लागले. शाळेत काय शिकवतात गं तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशीच्या छोट्या विमानाने मी घरी गेले आणि त्यांना इथे घेऊन आले. आतड्याच्या तपासणीआधी पोट साफ करायचं औषध पिताना त्यांनी नर्सला ऐकवलं, "आमची कुत्रीसुद्धा हे पिणार नाहीत." एक गाठ निघाली. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा. तिथल्या तिथे काढला. आज सकाळी अहवाल आला: कुठेही पसरलेला नाही. आता दर वर्षी तपासायचं, बस. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून पोटभर रडले आणि मग दोन मोठाले डोनट खाल्ले.

आत्या, वर एक वाक्य मी गाळलं. त्या दिवशी उठताना मी म्हणाले होते, "बाबा, तुमचं कोडंच चुकलंय." त्यांनी मान खाली घालून रस्सा संपवला. परवा त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, "कोडं अवघड होतं. माझीच चूक." त्यांनी दोष स्वतःकडे घेतला, ते मला अजून पेलत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं: सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यायलाच हवं. मागच्या ख्रिसमसला तू म्हणालीस, पोट हल्ली कुरकुरतं, म्हातारपण. मी तेव्हाही हसलेच होते.

म्हणून नोमच्या दवाखान्यात मंगळवारी सकाळी नऊला तुझं नाव लावून टाकलंय. तुला विचारलं नाही. विचारलं असतं, तर तूही कोडंच घातलं असतंस.

तुझ्या दादाची लेक, उशिरा उत्तर सुचलेली,
लॉरीन