त्रिग्लाववर दुसऱ्यांदा

२ जून, सोमवार. लुब्लियाना.
आज ऑफिसात नव्या डायरेक्टरीणबाईंनी, तामाराने, मीटिंग घेतली. वय एकतीस, उत्साह अमाप. सहा-सात सप्टेंबरला आपल्या पर्यटन माहिती केंद्राचा सगळा स्टाफ त्रिग्लाववर जाणार, म्हणाली. आधी कोण जाऊन आलंय, असं तिने विचारलं आणि सवयीने माझा हात वर गेला. बाकी चौघे नवखे, तामारा धरून. मी लीडर झालो.

आमच्याकडे त्रिग्लाव, देशातला सगळ्यात उंच डोंगर, चढला नाही तो नुसता कागदोपत्री स्लोव्हेन. शिखरावर पोचलं की आधी जाऊन आलेला माणूस नवख्याला ओणवं करतो आणि दोराचे तीन फटके पार्श्वभागावर देतो. मग कुठे तो आमच्यातला.

ही वही कुलपात असते म्हणून एकदाच लिहून ठेवतो: मी त्रिग्लाववर गेलेलो नाही.

एकतीस वर्षांपूर्वी, लग्नाआधी, मारिंकाच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो होतो. तिचे वडील मोइस्त्राना गावचे, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे. सूप वाढता वाढता त्यांनी विचारलं, त्रिग्लाव झाला का? मुलगी समोर बसलेली. त्या टेबलावर कुणीही हो म्हटलं असतं. ते चिकटलं ते चिकटलंच. मारिंकाला कळता कामा नये, ऑफिसला तर नाहीच.

इतक्या वर्षांत गेलो का नाही? कारण गाडीने दीड-दोन तासांवर आहे. सकाळी डोंगरात नाश्ता करून दुपारी समुद्रावर जेवता येतं अशा देशात घाई कसली? जपानहून लोक येतात, कारण त्यांना लांब पडतं.

प्लॅन: सप्टेंबरच्या आत गुपचूप एकदा चढून यायचं. मग खोटं बोललो असं राहत नाही, फक्त तारीख मागेपुढे. तेरा वीकेंड हातात आहेत. भरपूर झाले.

७ जून, शनिवार.
प्रॅक्टिस सुरू. पहिला टप्पा ब्लेडचा किल्ला. मारिंकाही निघाली. तीस वर्षांत पहिल्यांदाच आपणहून कुठे नेतोयस, म्हणाली, आणि उकडलेली अंडी बांधून घेतली.
तळ्याकाठी क्रीम केक घेतला. दोन घेतले. किल्ला खालून बघितला. खालूनच जास्त चांगला दिसतो, मी पर्यटकांना कायम हेच सांगतो. मारिंका वर जाऊन आली.

१४ जून.
पाऊस. ओल्यात प्रॅक्टिस करणं बेजबाबदारपणाचं आहे.

२१ जून.
बोहिन्य. साव्हित्सा धबधब्याला पाचशेच्या वर पायऱ्या. दीडशेनंतर एक सुरेख बाक लागला. लीडरला जंगलाचा अभ्यास हवा, म्हणून तिथे चाळीस मिनिटं अभ्यास केला. मारिंका धबधबा बघून आली आणि तिने त्याचं इतकं तपशीलवार वर्णन केलं की आता तो मी पाहिल्यात जमा आहे. सोमवारी दोन डच बायांना तेच ऐकवलं. खूश झाल्या.

२८ जून.
उंचीची सवय व्हावी म्हणून प्रेद्यामा. कड्याच्या गुहेत बांधलेला किल्ला. तिथला सरदार वर्षभर वेढ्याला दाद देईना, शेवटी संडासात बसलेला असताना तोफगोळा लागून गेला म्हणतात. म्हणजे घरी बसणंही तितकंसं सुरक्षित नाही. या विचाराने डोंगराबद्दल एकदम धीर आला.

१२ जुलै.
पिरान. डोंगर चढणाऱ्याने आधी फुप्फुसांत समुद्राची हवा भरून घ्यावी असं कुठेतरी वाचलंय, किंवा मलाच सुचलंय. गावाच्या जुन्या तटबंदीवर जायचं होतं. पण खाली सार्डिन मासे तळलेले होते. मारिंका तटावरून हात हलवत होती. लांबून अगदी लग्नाआधीसारखी दिसली.

१९ जुलै, शनिवार.
आज खरी चढाई. मारिंकाला सांगितलं, क्रान्यला ऑफिसचा सेमिनार आहे. पहाटे पोक्लुकाच्या पठारावर गाडी लावली आणि निघालो. तासाभरात तीन म्हातारे भेटले, आदल्या दिवशी चढून आता उतरत होते. सगळ्यात थोरला एक्याऐंशीचा. त्याने विचारलं, पहिल्यांदाच का? तोंडातून निघून गेलं, दुसऱ्यांदा. मग काय, आपल्यातलाच म्हणून त्यांनी नाशपातीच्या दारूची बाटली काढली. नाही कसं म्हणणार? नंतर एका स्प्रूसच्या झाडाखाली जरा टेकलो. उठलो तेव्हा एक वाजला होता.
तरी जमेची बाजू म्हणजे उंचीवर झोप उत्तम लागते हे कळलं.

९ ऑगस्ट.
दुसरा प्रयत्न, क्र्मा दरीतून. पुन्हा सेमिनार. पायात तेच बूट, जे एकतीस वर्षांपूर्वी पुरावा म्हणून घेऊन ठेवले होते. इतकी वर्षं कपाटात नव्यासारखे. वीस मिनिटांत डाव्याचा सोल सुटला, पाठोपाठ उजव्याचा. बुटांनी दगा दिला, मी नाही. हे नीट लक्षात ठेवायचं.
घरी आल्यावर मारिंका सुटलेल्या सोलकडे बघत म्हणाली, सेमिनार चढाचा होता वाटतं.

२० ऑगस्ट.
ऑफिसात सगळ्यांना सामानाची यादी लिहून दिली: हेल्मेट, हातमोजे, दोन जोड मोजे. ग्रुपमधला सगळ्यात घाबरट यर्नेय. त्याने विचारलं, शेवटच्या कड्यावर फार भीती वाटते का हो? त्याला म्हटलं, खाली बघायचं नाही, बस्स. त्याचा चेहरा निवळला. मला हे सांगणारं कुणी नाही.

३० ऑगस्ट.
शेवटची संधी. सहाला पोक्लुकाहून निघालो. नवे बूट, आकाश स्वच्छ, पोटात ओटमील. आज काही म्हणजे काही आड येणार नव्हतं.
सात वाजता वाटेच्या कडेला पहिला बोलेटस मश्रूम दिसला. तपकिरी टोपी, मुठीएवढा, कीड नाही. त्याच्या मागे दुसरा. आता आधीच्या रात्री पाऊस झालेला असताना स्लोव्हेन माणूस मश्रूम सोडून पुढे गेलाय असं कुणी दाखवावं मला. गेलाच तर तो त्रिग्लाव चढूनही स्लोव्हेन ठरणार नाही. कायद्याने माणशी दोन किलोच घेता येतात. दोन किलो भरले तेव्हा अकरा वाजले होते आणि डोंगर ढगात गेला होता.
मारिंकाने सूप केलं. फार सुंदर झालं. वाढताना म्हणाली, हल्ली सेमिनारमध्ये उगवतात का हे?

६ सप्टेंबर, शनिवार, दुपारी साडेचार. क्रेदारित्साचा गिर्यारोहक निवारा, अडीच हजार मीटर.
पोचलो. कसा, ते नीटसं सांगता येणार नाही. चौघे सतत माझ्याकडे बघत असल्यामुळे थांबायची सोयच नव्हती. लीडरने सगळ्यात मागून चालावं, म्हणजे कुणी हरवत नाही, हा नियम मी सकाळी सातला शोधला आणि दिवसभर पाळला. टाचांना फोड आलेत. बार्लीची दाट आमटी दोन वाडगे खाल्ली. खिडकीतून शिखर दिसतं. फार जवळ दिसतं. मला भीती वाटते आहे.

७ सप्टेंबर, रविवार, सकाळी साडेआठ. शिखर.
हातमोजा काढून लिहितोय.
शेवटचा कडा म्हणजे दोन्ही बाजूंना काही नाही, मध्ये पोलादी तार आणि खुंट्या. मी खाली बघितलं. पुढून यर्नेय विचारत होता, आता पाय कुठे ठेवू? मी ठामपणे सांगायचो, तिथे, त्या खुंटीवर. तो सुखरूप राहिला की मग आपणही तिथेच ठेवायचा.

आणि एकदम वर जायला काही उरलंच नाही.

शिखरावर पत्र्याचा मनोरा आहे. एवढासा. आत चार माणसं दाटीवाटीने उभी राहतील फार तर. त्याला हात लावला आणि रडू आलं. मी तोंड फिरवलं. समोर सगळा देश पसरलेला, लांबवर चमकत होता तो समुद्रच असणार. तीस वर्षं काउंटरवर बसून नकाशावर बोट ठेवून लोकांना जिथे जिथे पाठवलं, ते सगळं खरंच आहे. मी एवढा आनंदात कधी होतो ते आठवत नाही.

मग तामाराने पिशवीतून दोर काढला आणि माझ्या हातात दिला.

चौघे ओळीने ओणवे झाले. प्रत्येकी तीन दिले. यर्नेयला जरा हळू. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, अभिनंदन, अभिनंदन. मी दोर गुंडाळत बसलो. तामारा आली, खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तुम्हाला काय, हे रोजचंच. मी म्हटलं, हो ना.

तिथल्या तिथे सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. आज इथे पहिल्यांदा आलेला आणि फटके न मिळालेला मी एकटाच.

७ सप्टेंबर, संध्याकाळी साडेसात. घर.
मारिंका शेंगा सोलत होती. कसं झालं, विचारलं तिने. मी बूटसुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं. वडिलांच्या टेबलापासून सेमिनारपर्यंत. शेवटी म्हटलं, आज पहिल्यांदा गेलो, मारिंका. आणि माझं कुणी अभिनंदन केलं नाही.

तिचे हात थांबले नाहीत. माहीत आहे, म्हणाली.

कधीपासून?

त्याच दिवसापासून. तू बाबांना सांगितलंस की वरच्या मनोऱ्याचा जिना चढताना धाप लागली. तू गेल्यावर बाबा इतके हसले की त्यांना चमचा खाली ठेवावा लागला. म्हणाले, ह्याच्याशी बेलाशक लग्न कर. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस जन्मात कधी फसवू शकणार नाही.

मी म्हटलं, मग एकतीस वर्षं बोलली का नाहीस?

आज सांगशील, उद्या सांगशील, म्हणून थांबले, ती म्हणाली. डोळे पुसले तिने. मग उठली, बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि म्हणाली, ओणवा हो.

मी विचारलं, कुठल्या अधिकाराने? सात वेळा, ती म्हणाली. पहिल्यांदा दहाव्या वर्षी, बाबांबरोबर.

तीन दिले. यर्नेयला मी दिले तसे अजिबात नाहीत. तिसरा बाबांच्या वतीने होता, असं नंतर कळलं. समोरच्या बाल्कनीतल्या शेजाऱ्याने शुभ संध्याकाळ म्हटलं, मीही ओणव्यानेच म्हटलं. मग मारिंकाने माझा हात हातात घेतला आणि अगदी गंभीरपणे माझं अभिनंदन केलं.

हे उभ्याने लिहितो आहे.