आठ शिंगांचा राउटर

कीलुंग, ता. ६ नोव्हेंबर

चि. बोवेन यास युएश्याताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर बोलावं तर बाबा शेजारीच कान टवकारून बसलेले असतात. म्हणून हा कागद.

मंगळवारी मी बाजारात नेहमीसारखी माशांच्या गोळ्यांचं सूप विकत होते आणि इकडे बाबा घरातून निघून गेले. दार उघडलं की माझ्या मोबाइलवर घंटा वाजते, कॅमेऱ्यात ते दिसतात, हे सगळं तूच लावून दिलंस ना? नेमकं तेव्हा वायफाय गेलेलं. घंटा नाही की चित्र नाही. कोळ्यांनी त्यांना धक्क्यावरून आणलं. अगदी पाण्याच्या कडेला उभे होते म्हणे, पायात घरातल्या सपाता. कुठे राहता विचारलं तर सांगता येईना; त्यांतल्या एकाने ओळखलं म्हणून बरं. बोवेन, एक पाऊल पुढे पडलं असतं तर? तेव्हापासून सूप वाढताना माझा एक डोळा मोबाइलवरच असतो.

दुकानदार मला आठ शिंगांचा एक राउटर दाखवतोय. किंमत विचारू नकोस, तेवढ्यात नवा फ्रिज येईल. म्हणतो, चारही मजले व्यापेल. तू कारखान्यात दिवसभर असलीच यंत्रं तपासतोस. घेऊ की नको, एका शब्दात सांग. जगाला पगार घेऊन सांगतोस, बहिणीला फुकट सांग.

माया आहे तशी असू दे.
तुझी ताई


शिन्चू, ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस बोवेनचा सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका शब्दात सांगता आलं असतं तर मला कुणी कामावर ठेवलं असतं का?

यंत्र चांगलंच आहे. पोच दांडगी. कॅमेरे, घंटा, तुझ्या लेकीचे सिनेमे, सगळं एकदम ओढतं आणि सहसा दम टाकत नाही. पण आपलं घर म्हणजे एकावर एक ठेवलेली चार खोकी, मध्ये जाडजूड स्लॅब. तळमजल्यावर ठेवलंस तर आठ काय, ऐंशी शिंगं असली तरी वरच्या मजल्यावर रडगाणंच. शिवाय ते तापतं, मोकळी हवा लागते. त्यापेक्षा दोन मध्यम राउटर घेऊन मधून वायर ओढली तर स्वस्तात भागेल. पण त्यासाठी भिंती फोडाव्या लागतील, आणि घरात परकी माणसं आली की बाबा बिथरतात. त्या मदतनीस बाईला कसं पळवून लावलं आठवतंय ना?

तेव्हा मोठाच घे आणि दुसऱ्या मजल्यावर देवघराबाहेर, जिन्यापाशी ठेव. पैशाचं मी बघतो, त्यावर भांडू नकोस. ताई, लवकर घे. ते पुन्हा गेले तर, एवढंच डोक्यात घुमतंय.

आहे तो जिव्हाळा कमी होऊ देऊ नकोस.
बोवेन


कीलुंग, ता. २० नोव्हेंबर

चि. बोवेन यास आशीर्वाद.

घेतला रे एकदाचा राउटर. आत्या बघायला आली ती खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांची तीन हिरवी पाकिटं घेऊनच. पाकिटावर नावच ‘शहाणं हो’, तेव्हा यंत्रानेही शहाण्यासारखं वागावं म्हणून तिन्ही त्याच्या डोक्यावर रचली. पिवळं चालत नाही, रुसतं; आणि तारीख उलटलेलं तर मुळीच नको, असं मलाच बजावून गेली. जशी काही मी या बेटावर कालच उतरले!

सुरुवातीला सगळं झकास. आता मात्र रोज भर दुपारी चित्र जातं. मी हातातला डाव टाकून चढावरून धावत सुटते, छाती फुटायची वेळ येते. बाबा आपले खुर्चीत बसलेले, जसे काही त्या गावचेच नाहीत. यंत्रही तोवर सुरू झालेलं. एवढं महागाचं घेऊन भीती होती तिथेच आहे. एखाद्या दिवशी मी पोचेन आणि खुर्ची रिकामी असेल.

आता काय करू ते लगेच कळव.
ताई


शिन्चू, ता. २३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. नमस्कार.

अगं, पाकिटं आधी खाली उतरव! गरम हवा वरच्याच जाळीतून बाहेर पडते. आमच्याकडेही प्रत्येक यंत्राला हिरवं पाकीट असतं, माझ्या टेबलावर मीच ठेवतो, हसू नकोस. पण ते शेजारी ठेवायचं गं, डोक्यावर नाही.

तरीही मला हे पटत नाही. तापलेलं यंत्र रोज नेमकं एकाच वेळेला बंद पडत नाही. कुणीतरी ते बंद करतंय. एकदा दुपारी न कळवता घरी जा. मलाही भीती वाटतेय, पण जा.

बोवेन


कीलुंग, ता. २७ नोव्हेंबर

चि. बोवेन यास आशीर्वाद.

गेले. दुकान शेजारणीवर सोपवून मागच्या दाराने चढले. बाबा आईच्या तसबिरीसमोर उभे होते, एका हातात उदबत्ती, दुसऱ्या हातात देवघराच्या भिंतीतून उपसलेला राउटरचा प्लग.

मी ओरडलेच. म्हटलं, माझा जीव जायची वेळ आली आणि तुम्ही इथे खेळ मांडलाय होय! त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, उदबत्ती लावताना हिला नावाने हाक मारायची असते, आणि नाव ओठावर येत नाही. कॅमेऱ्यात तू बघशील, बोवेन बघेल, बाप आईचं नाव विसरला हे पोरांना कळेल. म्हणून तेवढा वेळ बंद करतो. त्या मंगळवारीही त्यांनीच जुना राउटर बंद केला होता. आई धक्क्यावर जाळी विणायची, तिथे गेलं तर आठवेल, असं त्यांना वाटलं.

बोवेन, आपण ते हरवतील म्हणून घाबरत होतो. ते आपल्या कितीतरी आधीपासून घाबरलेले होते रे, आणि एकटेच.

मी सांगितलं, आ-थाओ. ते पुन्हा पुन्हा पुटपुटले, लहान मुलासारखे. उदबत्ती लावली. मग भिंतीला धरून खाली वाकले आणि प्लग आपल्याच हाताने परत खोचला. म्हणाले, त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं ना? मग बघत जा मला, आणि मी अडलो की तिथून नाव सांगत जा.

उद्या मी सांगेन. परवा तुझी पाळी.
ताई