भिवाच्या पाठीवरून आई

खाडीकडची वाडी, बाळकुमजवळ, ठाणे
३० सप्टेंबर १९५४

प्रिय दौलतदादास,

धाकट्या शुभदाचा प्रेमाचा सलाम. हेमावहिनींना नमस्कार, मुलांना पापे. इकडे आम्ही दोघी प्रभुकृपेने खुशाल आहोत. आईचा गुडघा तसाच आहे, पण कालपासून ती भाकरीबरोबर ठेचा मागू लागली आहे, त्यावरून तब्येतीचं काय ते समज.

दादा, सांगायचं इतकं साठलंय की कुठून धरू कळत नाही. सोमवारी, सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाने मिठागराचा मोठा बांध फुटला. ही बातमी कल्याणला पोचली असेल आणि तुझा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून आधीच लिहिते, वाडीतलं एकही माणूस गेलं नाही.

दुपारची वेळ, शाळा भरलेली. मी पाढे घेत होते. खिडकीतून पाहिलं तर मिठागरावरून पाणी चालत यावं तसं येत होतं. लाट नाही, आवाज नाही, नुसतं सरकत पुढे. शाळेचं जोतं उंच म्हणून निभावलं. मी मुलांना बाकांवर उभं केलं आणि गाणी म्हणायला लावली, म्हणजे रडायला सवड नको. मग बायामाणसं यायला लागली. कडेवर पोर, डोक्यावर तांदळाचं मडकं, मागे शेळ्या. बघता बघता सगळी वाडी आपल्या शाळेत. ज्या शाळेच्या पायरीला त्यांनी कधी पाय लावला नव्हता, तीच शाळा. हौसाबाई आठवते ना, आपल्या घरच्यांची सावली पडली तर तिचं अंगण पुन्हा सारवणारी? ती माझ्या खुर्चीला टेकून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बाय, घोटभर पानी दे." मी आपल्या माठातलं दिलं. ती प्यायली आणि पुन्हा मागितलं. मला इतका आनंद झाला की तेवढ्या गोंधळात मी हसत सुटले, आणि मुलांना वाटलं बाई वेड्या झाल्या.

आता तू विचारशील, आई कुठे होती.

आई घरी होती. आपलं घर उताराला, खाडीच्या बाजूला. गुडघ्यामुळे तिला पलंगावरून उतरायलाही आधार लागतो, आणि माझ्याजवळ एवढी लेकरं. मी दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. कमरेएवढं पाणी झालं होतं. मुलांना सोडून गेले असते तर घाबरून दोघंचौघं माझ्यामागे पाण्यात उतरली असती. दादा, मी गेले नाही. मुलांना मोठ्याने गायला सांगितलं आणि मी पाठ वळवून भिंतीकडे बघत राहिले. त्याबद्दल मला काही बोलू नकोस, मी स्वतःला पुरेसं बोलले आहे.

आईला ज्याने आणलं त्याचं नाव मी वर लिहून खोडलं, शाई फिस्कटलेली दिसतच असेल. भिवाने आणलं.

हो, तोच. आप्पांची शवपेटी घेऊन आपण निघालो तेव्हा ज्याने वाटेत बैलगाडी आडवी घातली, "ह्यांचा मानूस आमच्या शिवेत नाय पुरायचा" म्हणाला, आणि तुला आप्पांना ठाण्याच्या दफनभूमीत न्यावं लागलं, तोच भिवा. त्या दिवसापासून तू या वाडीत पाऊल टाकलं नाहीस. वहिनी नाताळला येतात, तू ठाण्याच्या स्टेशनावरच थांबतोस.

आई सांगते, पाणी पलंगाला लागलं होतं आणि ती स्तोत्र म्हणत होती. भिवा बैल सोडवायला चालला होता. त्याला तिचा आवाज ऐकू आला. दारात येऊन उभा राहिला. आई म्हणाली, "भिवा, मी मास्तरांची बायको आहे." तिला वाटलं, पाण्यात त्याला नीट दिसत नसेल. तो म्हणाला, "मना ठाव हाय तू कोन ती. पाठीवर ये. घट धर, पन नरडा नको आवळू."

छातीएवढ्या पाण्यातून तो तिला शाळेपर्यंत घेऊन आला. बाकावर बसवलं आणि तसाच परत धावला. एक बैल सुटला होता. दुसरा, ढवळ्या, दाव्यालाच बुडाला.

मी वर्गात किती वेळा सांगितली असेल ती गोष्ट, वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची. धर्मातली मोठी माणसं बाजूने निघून जातात आणि ज्याला सगळे हलका मानत तोच त्याला उचलतो. आप्पांची ती आवडती. दर वेळी मनातल्या मनात मी स्वतःला उचलणाऱ्याच्या जागी ठेवत आले. आपण शेजाऱ्यावर प्रीती करायची, आपण द्यायचं, आपण वाकायचं. पडलेलं माणूस आपल्या घरचं असेल आणि उचलणारा भिवा असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी, पाणी ओसरून आम्ही घरी परतल्यावर, तो आईला बघायला आला. आत येईना, उंबऱ्याबाहेर उभा. आई म्हणाली, "तुझा बैल माझ्यापायी गेला." तो म्हणाला, "बैल दुसरा मिलल." मग खाली बघून म्हणाला, "मास्तरांच्या येलेला मी जो केला, तो मना तवापासून गिलवत नाय." आप्पांच्या वेळी वाट अडवली, ते अजून त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. आईने त्याला आत बसवलं, मी चहा केला. तो प्यायला. कपबशी स्वतः विसळून ठेवली.

कालपासून सगळे बांधावर आहोत. पुनवेच्या उधाणाआधी तो उभा झाला पाहिजे, नाहीतर उरलेली घरंही जातील. चिखलाच्या टोपल्यांची रांग लावली आहे. माझ्या एका बाजूला हौसाबाई, दुसऱ्या बाजूला भिवा. माझ्या हातातली टोपली त्याच्या हातात जाते आणि कुणी विटाळ मानत नाही. माझे तळवे सोलून निघालेत आणि मला गावभर नाचावंसं वाटतं आहे.

तू भिवाला क्षमा कर, असं मी लिहिणार होते. आईने थांबवलं. म्हणाली, "तसं लिहू नको. क्षमा करायला आपण वरच्या पायरीवर असावं लागतं. मी तर त्याच्या पाठीवर होते." मग म्हणाली, "एवढंच लिही, माणसं कमी पडतात."

तर दादा, माणसं कमी पडतात. रविवारी उपासना लवकर आटोपून आम्ही बांधावर जाणार आहोत. कल्याण काही सातासमुद्रापलीकडे नाही. स्टेशनावर थांबू नकोस, पुढे ये. रांगेत माझी जागा मी तुला देईन, म्हणजे भिवाच्या शेजारची. बोलायला नको वाटलं तर बोलू नकोस, नुसती टोपली पुढे दे.

आणि आलाच नाहीस, तरीही तुझीच,
शुभी