प्रणीतपेक्षा अर्धा इंच

२ ऑगस्ट २०२५, शनिवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. डोक्यात विचार फार आहेत आणि ऐकणारं कोणी नाही. स्वानंदी ऐकते, पण ऐकताना कणीक मळत असते.

बाल्कनीत चहा घेत होतो. खाली तिसऱ्या मजल्यावरचा प्रणीत जीप बाहेर काढत होता. माझ्याकडेही तीच जीप आहे. तेच मॉडेल, तोच रंग. माझी तर अकरा दिवस आधी घेतलेली. फरक एवढाच की त्याने सस्पेन्शनला लिफ्ट किट बसवलंय, म्हणजे लांब स्प्रिंगा आणि लांब शॉक ॲब्सॉर्बर, त्यामुळे त्याची गाडी दोन इंच उंच झालीय. स्वानंदीने कप तोंडाशी नेता नेता थांबवला आणि म्हणाली, काय रुबाबदार दिसते ना ती.

शेजारीच माझी उभी होती.

अकरा वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही वस्तूला तिने रुबाबदार म्हटल्याचं आठवत नाही. मला तर नाहीच नाही.

प्रणीतचा हेवा वाटत नाही. नोंद म्हणून लिहून ठेवतो.

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.२५

बेसमेंटमध्ये जाऊन आलो. दोन इंच खरंच दोन आहेत की लोक उगाच म्हणतात, हे एकदा बघायला हवं होतं. मोजपट्टी चाकाच्या कमानीला लावली, पण दुसरं टोक सारखं निसटत होतं. तेवढ्यात कोणीतरी ते धरलं. प्रणीत. जॉगिंगला निघाला होता. गुड मॉर्निंग पुरूभाऊ म्हणाला, आकडा वाचून दाखवला, आणि मागचंही मोजायचंय का विचारलं.

मोजलं. नाही कशाला म्हणायचं.

हा माणूस काहीच मनाला लावून घेत नाही. ही त्याची सगळ्यात वाईट सवय आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

एक्सेल शीट तयार. सात किट, चौदा कॉलम. स्पेसर म्हणजे मूळ स्प्रिंगवर नुसती चकती ठेवायची. स्वस्त, पण हे म्हणजे बुटात कागद घालून उंच होणं. नुसत्या स्प्रिंगा बदलल्या तर जुने शॉक कुरकुरणार. पूर्ण किट सर्वोत्तम. शेवटचा कॉलम ‘प्र. पेक्षा’. त्यात दोन ठिकाणी शून्य आलं, ती किट बाद.

राजसने विचारलं, बाबा, प्र म्हणजे प्रणीतकाका का? प्र म्हणजे प्रमाण, असं सांगितलं. चौथीतल्या मुलाला इतक्या शंका असू नयेत.

१० ऑगस्ट, रविवार

के. आर. पुरमला विठोजीच्या गॅरेजमध्ये गेलो. विठोजीचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं असं तो सांगतो. मराठी बोलतो, पण मध्येच एखादा कानडी शब्द असा टाकतो की आपण नुसती मान हलवायची. एक्सेलची प्रिंट दिली. त्याने तिला हात पुसले. चुकून, असं म्हणाला.

मग विचारलं, गाडी कुठे कुठे जाते, अण्णा? सगळीकडे, म्हटलं. म्हणजे कुठे? हेब्बाळलाच, घर ते ऑफिस. चार किलोमीटर. मध्ये एकदा नंदी हिल्स, पण ते बसने.

विठोजी म्हणाला, मग उंच कशाला करता? आहे तीच बरी आहे. गाडी कडक होईल, वळणावर झुकेल, घरची माणसं शिव्या देतील. मी म्हटलं, अडीच इंच पाहिजे. अडीचच का, असं त्याने विचारलं. तांत्रिक कारण आहे म्हणालो. त्याने स्वल्प विचार केला (हा शब्द मलाही लागला आता) आणि सांगितलं, दोन इंची किट घाला, वर अर्ध्या इंचाची चकती घाला, अडीच झालं. सरी, ठीक?

सरी.

चकतीबद्दल वर जे लिहिलं ते अर्ध्या इंची चकतीबद्दल नव्हे, पूर्ण चकतीच्या लिफ्टबद्दल होतं. अर्धा इंच चालतो.

१७ ऑगस्ट, रविवार

योजनेला आता तारीख मिळाली. १ ऑक्टोबर, आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. आमच्या सोसायटीत त्या दिवशी सगळ्या गाड्या गेटपासून रांगेत लागतात. केळीचे खुंट, झेंडू, चाकांखाली लिंबं, कोहळा फोडणं, सगळं साग्रसंगीत. आम्ही दसऱ्याला दरवर्षी पुण्याला जातो, त्यामुळे मी हे फक्त ग्रुपवरच्या फोटोंत पाहिलंय. गेल्या वर्षी रांगेत पहिली प्रणीतची जीप होती. त्या फोटोला स्वानंदीने बदाम दिला होता. पुण्यात, माझ्या शेजारी बसून.

यंदा पुणे रद्द. पहिली गाडी माझी.

सेक्रेटरी भगवंतरावांना भेटलो. हे इथलेच, तीन पिढ्यांचे. म्हणाले, तुम्ही यंदा इथे आहात, आनंद आहे, ठेवू की तुमचीच पहिली. फक्त अक्कांचं तेवढं बघा.

अक्का म्हणजे तळमजल्यावरच्या रत्नाबाई, सोसायटीत सर्वांत ज्येष्ठ. वय ब्याऐंशी. म्हणजे त्यांचा होकार लागतो. घेतो.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीचे मोदक घेऊन अक्कांकडे गेलो. वाकून नमस्कार केला. आयुधपूजेला माझी जीप पहिली असणार म्हणून सांगितलं. त्या गुडघ्यांवरून हात फिरवत बसल्या होत्या. विचारलं, तुमची गाडी फार उंच नाही ना रे बाबा? मी म्हटलं, काळजीच करू नका अक्का, अजून अडीच इंच उंच करतोय.

अक्कांनी गुडघ्यांवरून फिरणारा हात थांबवला. माझ्याकडे बघतच राहिल्या. एवढ्या अनुभवी बाईंना मी भारावून टाकू शकतो हे मलाही माहीत नव्हतं.

६ सप्टेंबर, शनिवार

विठोजीचा फोन. दोन इंची किट आलंय, त्याच मॉडेलचं, जेमतेम दीड वर्ष वापरलेलं. कोणीतरी सज्जन गृहस्थाने घरच्यांच्या सोयीसाठी काढलं. तो काय मर्द, असं मनात आलं. घरच्यांनी डोळे वटारले की स्प्रिंगा काढून देणारी माणसं! घेतो म्हटलं.

स्वानंदीला सर्व्हिसिंग म्हणून सांगितलंय.

प्रणीतची जीप चार दिवस दिसत नाही. गॅरेजला आहे म्हणे. बिघडली असणार. वाईट वाटायचा प्रयत्न केला.

१३ सप्टेंबर, शनिवार. दुपारी

अडीच इंच!

मोजून घेतलं. विठोजीला मोजायला लावलं, मग त्याच्या शेजारच्या पंक्चरवाल्यालाही. वर बसल्यावर हेब्बाळ फ्लायओव्हर वेगळाच दिसतो. लोकांच्या गाड्यांची छपरं दिसतात. छपरं कोणी धूत नाही.

गाडी थोडी कडक लागते. पहिल्या स्पीडब्रेकरला डोकं वर आपटलं. चारित्र्यवान गाड्या अशाच असतात.

१४ सप्टेंबर, रविवार

चमत्कार. प्रणीतची जीप परत आली, आणि ठेंगणी वाटली. पार ठेंगणी. माझ्याशेजारी उभी होती आणि कोणीतरी तिला रागावल्यासारखी दिसत होती. आधी वाटलं चाकातली हवा गेली. मग लक्षात आलं, माझ्याच नजरेला आता उंचीची सवय झालीय. माणसाचं क्षितिज वाढलं की असं होतं.

स्वानंदीला बाल्कनीत बोलावून दाखवलं. म्हटलं, कशी दिसते? म्हणाली, कोणती?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कंबर धरली. ऑफिसच्या खुर्चीमुळे. वळणावर राजस काल खिडकीवर आदळला. सीटबेल्ट नीट लाव म्हणून त्याला समजावलं. डाव्या पुढच्या चाकातून सकाळी सकाळी कुईकुई येते. पक्षी असावा.

२४ सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ६

पक्षी नाही.

बेसमेंटमध्ये वाकून बघत होतो, तर प्रणीत आला. म्हणाला, पुरूभाऊ, ते डावीकडचं बुश आहे, सांध्यातलं रबर, थंडीत वाजतंच, ग्रीस मारा, थांबेल. माझ्याकडे होतं तेव्हाही वाजायचं.

माझ्याकडे होतं तेव्हाही.

 त्यानेच सांगितलं, आनंदाने. किट त्याचं होतं. गेल्या वर्षी पूजेनंतर अक्कांना त्याच्या जीपमध्ये चढायला फार त्रास झाला, तेव्हाच त्याने ठरवलं होतं की पुढच्या पूजेआधी गाडी खाली आणायची. विठोजीकडून कळलं म्हणे की तुम्ही घेतलं. फार बरं वाटलं, सोसायटीतच राहिलं. मग म्हणाला, माझ्याकडे पायरी पडून आहे, दाराखाली लावायची, देऊ का? चढायला सोपं जातं.

नको म्हटलं. माझ्या घरी पायरी लागत नाही.

लिहून टाकतो, इथे कोण वाचणार आहे. हेवा वाटतो.  आठवडाभर शीट भरली, कंबर मोडून घेतली, आणि आणलं काय तर त्याने उतरवलेलं. त्याने हिणवून सांगितलं असतं तर सोसलं असतं. तो ग्रीसचा डबा पण ठेवून गेला.

तरी अर्धा इंच माझा स्वतःचा आहे.

अक्कांना गाडीत कशाला चढवलं होतं, हे विचारायचं राहिलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

केळीचे खुंट दोन, झेंडू चार किलो, लिंबं चार, कोहळा एक. कोहळा राजसने उचलला आणि पायावर पाडून घेतला. पाय ठीक आहे, कोहळ्याला तडा गेला, दुसरा आणला. गाडी तीनदा धुतली. छप्परसुद्धा. उद्या फोटो ग्रुपवर जाईल. बदाम कोण देतं ते बघायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ७

गेटजवळ पहिली. माझी. मागे एकोणतीस गाड्या. प्रणीतची चौथी. स्वानंदीने हिरवी पैठणी नेसलीय. आज ती माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसणार.

१ ऑक्टोबर. संध्याकाळी ५

पूजा छान झाली. लिंबं चारही फुटली. कोहळा एका दणक्यात.

मग भगवंतरावांनी जाहीर केलं, चला, अक्का, बसा. हीच रीत आहे म्हणे. पहिली गाडी म्हणजे अक्कांची गाडी. पूजा झाली की त्या आरतीचं ताट घेऊन पुढच्या सीटवर बसतात आणि पहिली गाडी त्यांना बनशंकरीच्या देवळात नेते, बाकीच्या मागून. सोसायटी झाल्यापासून चालू आहे. सगळ्यांना माहीत आहे. मी मात्र दरवर्षी पुण्यात.

अक्का आल्या. दार उघडलं. सीट त्यांच्या छातीशी. त्यांनी एकदा सीटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, चढा ना. कोणीतरी खुर्ची आणली. अक्कांनी एक पाय वर ठेवला, खुर्ची डुगडुगली, ताटातलं निरांजन कलंडलं. अक्का म्हणाल्या, बेडा. मग माझा पडलेला चेहरा बघून मराठीत म्हणाल्या, नको रे बाबा, तुझी गाडी चांगली आहे, मीच म्हातारी आहे. तीस बिऱ्हाडं ऐकत होती. त्यांनी चिडून बोलायला हवं होतं.

प्रणीतच्या जीपमध्ये त्या अलगद बसल्या. पण त्याची गाडी बाहेर निघेना, कारण गेटात माझी आडवी. मी बाजूला घेतली. ती घेईपर्यंत एकोणतीस गाड्या पुढे गेल्या.

अक्कांना सांभाळायला स्वानंदी त्यांच्या मागच्या सीटवर बसली. राजस तिच्याबरोबर. मी सगळ्यात शेवटी, एकटा, दोन्ही बाजूंना केळी हलताहेत. सिग्नलला ट्रॅफिक पोलिसाने गाडी थांबवून बराच वेळ निरखली. मी काच खाली केली, माहिती द्यायला. खुंटामागे नंबर प्लेट दिसत नाही म्हणाला. एक खुंट काढून मागे ठेवला.

देवळाबाहेर स्वानंदीला म्हटलं, येताना माझ्या गाडीत बस. म्हणाली, अक्कांना घरी उतरवायचंय. मी म्हटलं, ते प्रणीत करेल, तू बस. मग ती हळू आवाजात म्हणाली, पुरू, तुझ्या गाडीत मला साडी नेसून चढता येत नाही. ड्रेसवरही जमत नाही, परवा गुडघा सोलला. अडीच आठवडे झाले, मी ऑटोने ऑफिसला जाते. तुझ्या लक्षातच आलं नाही ना?

नाही आलं. मी रोज खाली वाकून दुसऱ्याच गाडीची उंची बघत होतो.

विठोजीला फोन केला. गॅरेजचीही पूजा आहे, सोमवारी या म्हणाला, किट काढायला अर्धा दिवस लागेल. सोमवारपर्यंत स्वानंदीच्या बाजूला एक लाकडी स्टूल ठेवलंय. मजबूत आहे. प्रणीतकडून आणलं.