संपदाच्या गावची जत्रा

पूनम सागर, मीरा रोड (पूर्व)
२० जानेवारी २०२५

ती. आत्मारामदादास,
अंबिकेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि संक्रांतीचे लाडू पोचले. लाडवांचा वाटेत भुगा झाला होता, पण भावाने पाठवलेत म्हणून चमच्याने खाल्ले. तू फोनवर धड दोन वाक्यं बोलत नाहीस आणि पत्रात चार पानं भरतोस, याचं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना नवल. स्वप्नील म्हणतो, मामांनी लष्करात जन्मभर गुप्त खात्याची नोकरी केली, म्हणून त्यांचा कुठल्याच फोनवर विश्वास नाही. मी म्हटलं, नसू दे, त्यामुळे पोस्टमन अजून माझं दार ओळखतो.

आता मुद्द्याचं. बसून वाच. आपल्या स्वप्नीलचं जमतंय! बत्तीस वर्षांचा घोडा झाला, वधूवर मेळाव्यांना जाऊन जाऊन माझ्या चपला झिजल्या. मुलींना वन रूम किचन नको, आणि नौदलाच्या जहाजांची दुरुस्ती करणाऱ्या प्रायव्हेट कंपनीतला ड्राफ्ट्समनही नको. आणि हिने आपणहून फेसबुकवर ओळख काढली, गणपतीच्या सुमारास. संपदा निकम नाव. मूळची आपल्या साताऱ्याकडचीच, पण परदेशात वाढलेली, तिकडे जहाजांच्याच कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मला रोज सकाळी आई म्हणून मेसेज करते. लिहिते हिंदी-इंग्लिशमध्ये, पण मी तरी भाजीवाल्याशी मराठीत कुठे बोलते? व्हिडिओवर मात्र अजून आलेली नाही. तिच्या कंपनीचा नियम आहे म्हणे.

मुलाच्या मामाने स्थळाची चौकशी करायची ही आपल्याकडची रीत. ह्यांच्या मागे स्वप्नीलला वडीलधारा तूच. तेव्हा जरा चौकशी कर, पण मुलगी पळून जाईल अशी करू नकोस. तुझा काही भरवसा नाही.

गुडघ्याला तेल लावतोस ना? लोभ आहेच, त्यात आता सुनेलाही वाटेकरी कर.

तुझी,
अंबिका


कोरेगाव, जि. सातारा
२५ जानेवारी २०२५

चि. अंबिकेस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. घोड्याला लगाम मिळतोय म्हणजे तू सुटलीस. मी मात्र अडकलो, कारण लग्नात मामाने मुंडावळ्या बांधून मिरवायचं की काय, असं तुझ्या उत्साहावरून वाटतंय.

चौकशी करायची म्हणतेस तर रीतीने करू. मुलीला इतकंच विचार: मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, देवक काय, आजोळ कुणाच्या घरी आणि गावची जत्रा कधी असते. आपल्या आईने तुझ्या वेळी हेच विचारलं होतं आणि तुझ्या सासऱ्यांनी रागावून दुप्पट सांगितलं होतं. खरं स्थळ या प्रश्नांवर बोलायला लागलं की थांबत नाही.

दुसरं. बायोडेटात मामाच्या रकान्यात मी स्टोअरकीपर होतो असं लिही. गावात अजून सगळे तेच समजतात. सखाराम वाणी तर मला तांदळाची पोती कशी रचावीत ते विचारतो. मीही सांगतो.

इथे थंडी बरी आहे, ज्वारी उभी आहे. गुडघ्याचं नाव काढू नकोस. तुझा लोभ आहे तिथेच असू दे.

तुझा दादा,
आत्माराम


पूनम सागर, मीरा रोड
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशिरा आलं आणि बायोडेटा आधीच गेला. मामाच्या रकान्यात मी ठळक अक्षरात लिहिलंय, निवृत्त सुभेदार, मिलिटरी इंटेलिजन्स. रागावू नकोस. पोती रचणाऱ्याच्या भाच्याला कोण मुलगी देणार? आणि तुला सांगते, त्याचा उपयोगच झाला. संपदा तेव्हापासून तुझ्याबद्दल सारखी विचारते. मामा कुठे कुठे होते, अजून जुन्या मित्रांना भेटतात का, मुंबईला येतात का. मला बरं वाटलं. हल्लीच्या मुली मामेसासऱ्याला कुठे विचारतात?

तुझे प्रश्न मी विचारले. उत्तरं यायला वेळ लागला, कामात असते बिचारी. मूळ गाव वाईजवळ, नाव तिला आठवत नाही, वडिलांना विचारून सांगेल. कुलदैवत गणपती. देवक काय ते तिला कळलं नाही, आमच्याकडे जुन्या गोष्टी मानत नाहीत म्हणाली. आजोळही निकमांकडेच. आणि गावची जत्रा दरवर्षी पंधरा जूनला असते, लहानपणी एकदा गेली होती म्हणे. झालं समाधान?

उत्तनची कॉनी, जिच्याकडून मी गेली कित्येक वर्षं मासळी घेते, ती परवा पापलेट घेऊन आली होती. तिच्या नवऱ्याला, लुईसला, सागरी पोलिसांनी पुन्हा मीटिंगला बोलावलं होतं. समुद्रात अनोळखी बोट दिसली की कळवा, असं दर वेळी सांगतात. तुझे प्रश्न ऐकून कॉनी हसत सुटली. म्हणाली, आमच्यात बोटीची एवढी चौकशी करतात, पोरीची न्हाय करत.

साखरपुडा कधी धरायचा तेवढं बघायचंय. स्वप्नीलच्या हातातलं जहाज दुरुस्ती होऊन बाहेर पडलं की त्याला सुट्टी मिळेल. संपदाही तेच विचारत असते, जहाज नक्की कधी निघणार, म्हणजे तिला तिकीट काढता येईल. मुलगी व्यवहारी आहे. तिने तिच्या कंपनीचं कसलंसं ॲपही त्याच्या मोबाईलमध्ये घालून दिलंय. तिकडे नोकरीसाठी त्याने आपल्या कामाचे नमुने त्यावर पाठवायचे. लग्नानंतर दोघं एकाच ऑफिसात, बोल!

आता तू हो म्हण, म्हणजे झालं. मोठ्या भावाचा लोभ आणि होकार दोन्ही एकाच पाकिटात पाठव.

तुझी,
अंबिका


कोरेगाव
६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

चि. अंबिकेस,
अ. उ. आ.

गावातला सुभाष आज भाजीची गाडी घेऊन मुंबईला निघालाय. त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोन मुद्दाम करत नाही. तूही मला करू नकोस, आणि हे पत्र स्वप्नीलच्या मोबाईलपासून लांब बसून वाच, त्या ॲपमधून घरातलं सगळं ऐकू जात असेल.

अंबे, मुलगी नाही. संपदा निकम नावाचं कुणीही नाही.

सातारा जिल्ह्यात पंधरा जूनला कुणाचीही जत्रा नसते. आपल्या जत्रा तिथीवर असतात, आणि जूनमध्ये सगळं गाव पेरणीला रानात असतं, पालखीला खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही. बाप निकम आणि आजोळही निकम, असं आपल्यात होत नाही, हे तुला मी सांगायला नको. मुंबईत राहून तू विसरलीस. गावाचं नाव आठवत नाही, पण जहाज कधी निघणार ते तिला रोज हवंय. हे काम कसं चालतं ते मी आयुष्यभर पाहिलंय. एका खोलीत चार माणसं बसतात, त्यातलं एक संपदा होतं. त्यांनी खूप शिकून घेतलेलं असतं. जत्रा शिकायची राहून गेली.

आता नीट वाच. स्वप्नीलने काय काय पाठवलं ते त्याच्या तोंडून ऐक. ओरडू नकोस. मग सोमवारपर्यंत त्याला घेऊन स्वतः पोलिसांकडे जा. आपण होऊन गेलेल्या माणसाला कायदा वेगळ्या नजरेने बघतो. फोनमधलं काहीही पुसायचं नाही. फोन फोडायचा नाही, बुडवायचा नाही. त्या फोनमध्येच त्याला फसवल्याचा पुरावा आहे, त्याला वाचवेल तर तोच. आणि संपदाला नेहमीसारखी उत्तरं देत राहा, तिला संशय येऊ देऊ नका.

मला तुझी फार काळजी वाटते. धीर धर.

तुझा,
दादा


पूनम सागर
८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

ती. दादास,
शि. सा. न.

सुभाष काल येऊन गेला. पत्र मी गच्चीवर जाऊन वाचलं.

स्वप्नीलला विचारलं. आधी माझ्यावरच चिडला, मामांना सगळीकडे हेरच दिसतात म्हणाला. मग जत्रेचं सांगितलं तेव्हा एकेक सांगायला लागला. त्याने जहाजाच्या पाइपांचे आणि पंपांचे नकाशे पाठवलेत दादा. कोणतं जहाज गोदीत कुठे उभं आहे तेही. ती म्हणाली की असे नमुने दाखवल्याशिवाय साहेब नोकरी देणार नाहीत, म्हणून याने पाठवले. तिचा फोटो त्याने पाकिटात ठेवला होता, तो माझ्यासमोर काढला आणि कितीतरी वेळ बघत बसला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली. एवढा शिकलेला मुलगा, आणि कुणी प्रेमाने जेवलास का विचारलं म्हणून विरघळला. मी तरी काय वेगळं केलं? मीही आई म्हटल्यावर विरघळलेच.

आम्ही सोमवारी सकाळी जातो. उद्या रविवार, त्याला घरात एक दिवस जेवूखाऊ घालते. तू काळजी करू नकोस, फोन आहे तसा आहे.

देवापुढे दिवा लावलाय. तुझा लोभ पाठीशी असू दे, आता त्याचीच गरज आहे.

तुझी,
अंबिका


कोरेगाव
१४ फेब्रुवारी २०२५

चि. अंबिकेस,
अ. उ. आ.

तुझं शनिवारचं पत्र मंगळवारी हातात पडलं. तोवर रविवारी स्वप्नीलला पकडून नेल्याची बातमी आली होती. तुझ्याकडून नाही, माझ्या जुन्या खात्यातल्या माणसाकडून. त्यावरून तू ओळखलंच असशील.

मी गुरुवारी, सुभाषला पत्र देण्याआधीच, खात्याला कळवलं होतं. तुला सोमवारपर्यंतची मुदत दिली ती खोटी नव्हती. मला वाटलं, सरकारी काम आहे, कागद चार टेबलांवरून फिरेल, तोवर तू पोराला घेऊन पोचशील आणि मी कळवलं होतं हे कुणाला कळणारही नाही. आमच्या वेळी तसंच चालायचं. आता चालत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

तरी मी थांबू शकत नव्हतो गं. ते जहाज निघायच्या बेतात होतं. त्यावरही पोरं आहेत, त्यांनाही आया आहेत. तू सोमवारी जाशीलच, अशी खात्री मी माझ्या मनाला देऊ शकलो नाही. बहिणीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे मी खात्यातल्या माणसासारखं ठरवलं. त्याचं मला फार वाईट वाटतं. रात्रीचं जेवण जात नाही.

वकील बघून दिलाय, तो येऊन भेटेल. मला शिव्या दे, पण पत्राने दे. काहीच लिहिलं नाहीस तर मला सोसणार नाही. लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही, तरी मागतो.

तुझा,
आत्माराम


पूनम सागर, मीरा रोड
३ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शिव्या द्यायला बसले होते. दोन पत्रं लिहून फाडली. बिल्डिंगमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही, शांती नगरचा किराणावाला सामान देतो पण नजर देत नाही. कॉनी तेवढी येते. हे सगळं तुझ्यामुळे झालं असं मी रोज सकाळी ठरवते, आणि दुपारपर्यंत ते टिकत नाही. का टिकत नाही ते सांगायलाच हे लिहितेय.

माझं शनिवारचं पत्र खोटं होतं. सोमवारी आम्ही कुठेही जाणार नव्हतो. स्वप्नील जायला तयार होता, तो म्हणत होता, आई, मामा सांगतात तसं करू. मीच नको म्हटलं. शनिवारीच कॉनीला उत्तनला निरोप दिला होता की स्वप्नीलला थोडे दिवस ठेवून घे, हवापालट हवाय. ती बिचारी लगेच हो म्हणाली, तिला काहीच माहीत नव्हतं. रविवारी त्याची बॅग दारात भरून ठेवली होती. आणि फोन मी शनिवारी रात्रीच न्हाणीघरात बादलीत बुडवून ठेवला होता. तू नको म्हणालास तेच नेमकं केलं, कारण तू नको म्हणालास तेव्हाच मला ते सुचलं. तो बुडबुड करून विझला तेव्हा मला वाटलं, सुटलं माझं पोर.

ते लोक आले तेव्हा तो बुटाची लेस बांधत होता. त्यांनी बादली बघितली. मी तोंड उघडायच्या आत स्वप्नील म्हणाला, फोन मी बुडवला. जबाबातही त्याने तेच लिहून दिलंय.

वकील काल सांगत होता, फसवणूक झाल्याचं आपण दाखवू शकतो, पण हा फोन बुडवण्याचा प्रकार फार जड जाणार. पुरावा नष्ट करणारा माणूस निष्पाप वाटत नाही, असं कोर्ट म्हणणार. ठाण्याच्या जेलमध्ये भेटायला गेले तर जाळीपलीकडून मला म्हणतो कसा, आई, तू यातलं काही बोलायचं नाहीस, तुझी शुगर सांभाळ. बत्तीस वर्षं मी त्याला झाकत आले, आणि आता तो मला झाकतोय, आणि मी झाकून घेतेय!

तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस याचा मला राग नाही दादा. तू बरोबर ओळखलंस, हे मला सहन होत नाही. आईच्या पोटचं माणूस आपल्याला इतकं ओळखतं, आणि ते बरोबर निघतं.

उद्या सकाळी मी वकिलाला घेऊन पोलिसांकडे जाणार आहे आणि फोन मी बुडवला म्हणून सांगणार आहे. पोराला पळवून लावणार होते, हेही. मग मला आत ठेवोत नाहीतर घरी पाठवोत. स्वप्नीलला अजून सांगितलेलं नाही.

हे पत्र मिळेल तोवर सगळं झालेलं असेल. मुद्दामच पोस्टाने पाठवतेय. तुझ्या जुन्या माणसांना यातलं काही आधी कळवता येऊ नये म्हणून. ही एक खबर मला माझी मी देऊ दे.

अंबिका