उमरावच्या शोधात

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार
आजपासून कॉम्प्युटर रूमचा इन्चार्ज मी. विहिरींच्या पाण्याची पाहणी करणारं आमचं केंद्र. टर्मिनल सहा, डिस्क सगळ्यांत एकच, दहा मेगाबाइटची. त्यातले नऊ भरलेले! कोणीतरी हात मारून राहिलं आहे. संकल्प: माणशी दोनशे किलोबाइट. मला हजार. पहारेकऱ्याला जागा लागते.

४ फेब्रुवारी
डेटा भरणाऱ्या चारुलताबाई म्हणतात, दोनशेत भागत नाही. नियम म्हणजे नियम, असं सांगितलं. हसल्या. नोंद घेतली.

५ फेब्रुवारी, दुपारी ३
रुपराव आला. गावोगाव विहिरी मोजणारा माणूस, त्याचं कॉम्प्युटर रूममध्ये काय काम? बाईंशी कुजबुजत होता. मी जाताच दोघं गप्प. विचारलं तर म्हणे, चहा सांगून राहिलो होतो.

९ फेब्रुवारी
सापडलं! सामायिक खात्यात 'यूएमआर' नावाच्या तीन फाइली. मिळून चारशे किलोबाइट! म्हणजे उमराव. मस्टर दोनदा पाहिलं. केंद्रात उमराव नाही. बाहेरचा माणूस!

१० फेब्रुवारी
रुपरावला सहजच विचारलं, उमराव कोण? म्हणाला, "कोणता उमराव जी?"
कोणता! म्हणजे एकाहून जास्त आहेत.

१२ फेब्रुवारी, सकाळी १०
तिन्ही फाइली पुसल्या. कपाटात त्यांच्या कॉपीची टेप होती, तीही पुसून तिच्यावर संशयितांची यादी घेतली. मुळासकट काम.

१३ फेब्रुवारी
चारुलताबाई टर्मिनलसमोर रडत होत्या. आधी नाटक वाटलं.
यूएमआर म्हणजे उमरेड. तालुक्यातल्या विहिरींची वर्षभराची पाणीपातळी. उन्हाळ्यात कोणत्या गावाला टँकर, ते त्यावरून ठरणार. अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा.
रुपराव म्हणाला, "साहेब, मले एकदा तरी विचाराचं होतं न जी!"
विचारलं होतं. त्यानेच नीट ऐकलं नाही.

१६ फेब्रुवारी
रुपरावने घरून विहिरींच्या मोजणीच्या मूळ वह्या आणल्या. अकरा. डायरेक्टरसाहेबांचा आदेश: मी आकडे वाचायचे, बाई टाइप करणार. इन्चार्ज तूर्त त्याच. यामागे कोणीतरी आहे.

२० फेब्रुवारी
सहावी वही. एका गावात मार्चनंतर पाऊस येईपर्यंत सगळ्या विहिरींत पाणी शून्यच. वाचताना दोनदा थांबलो.

२७ फेब्रुवारी, सायं. ५
अहवाल गेला. घसा पार बसला. चारुलताबाई म्हणाल्या, "मनोहरराव, तुमचा आवाज चांगला आहे. पारशिवनी तालुक्याच्या वह्याही तुम्हीच वाचा."
यात संशयास्पद काय, ते घरी येईपर्यंत शोधलं. सापडलं नाही.